कोशातला सूर, भोपळ्यातलं वादळ

कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी शेतातून नुकतीच घरी आली असेल. हात चालू द्या, कान तेवढे आमच्याकडे द्या. आज आपण एका बाईची गोष्ट ऐकणार आहोत. ती बाई फार लांबच्या देशातली. पण गोष्टीची सुरुवात आपण आपल्या बांधावरच्या बाभळीपासून करू.

बाभळीच्या फांदीला काटक्यांची बोटभर मोळी लटकलेली तुम्ही पाहिली असेल. लहानपणी आपण ती ओढून, फोडूनही पाहिलेली असते. आत एक अळी असते. ती अंगातलं रेशीम काढते, त्याला काटक्या चिकटवून घर करते आणि ते घर पाठीवर घेऊनच हिंडते. पुढे नराला पंख फुटतात, तो उडून जातो. मादी मात्र कोशातच राहते आणि अंडीही तिथेच घालते.

न्यूझीलंड देशातही याच जातकुळीचा किडा आहे. तिथले मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. त्यांच्या कथेत हा कोश म्हणजे हिनेराउकाताउरीचं घर. 'हिने' म्हणजे मुलगी, बाई. हिनेराउकाताउरी ही बासरीच्या संगीताची देवी. तिला आपल्या बासरीचा इतका लळा की ती बासरीतच राहायला गेली, आणि रात्री तिथूनच बारीक आवाजात आपल्या सख्याला साद घालते. माओरींचं पूतोरिनो नावाचं एक वाद्य आहे, ते अगदी या कोशाच्या आकाराचं असतं. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. तेच एक वाद्य तुतारीसारखं फुंकलं की पुरुषाचा आवाज निघतो आणि बासरीसारखं फुंकलं की बाईचा.

१९९९ साली न्यूझीलंडमधल्या एका संगीतकार बाईंनी या देवीच्या नावाने एक रचना केली. त्यांचं नाव गिलियन कारावे व्हाइटहेड. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत त्या शिकल्या, लिहिलं, शिकवलं. इंग्लंडमध्ये राहिल्या, ऑस्ट्रेलियात शिक्षिका झाल्या. आणि मग आपल्याच मातीतल्या, जवळजवळ मुक्या झालेल्या वाद्यांपाशी येऊन बसल्या. त्या वाद्यांशी त्या कशा वागल्या, हे आज आम्हाला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी थोडा त्या देशाचा इतिहास सांगतो. न्यूझीलंड म्हणजे प्रशांत महासागरातली दोन मोठी बेटं आणि कितीतरी लहान बेटं. सुमारे सातशे वर्षांपूर्वी माओरींचे पूर्वज होड्यांतून समुद्र ओलांडून तिथे आले. त्यांनी देशाला नाव दिलं आओतेआरोआ. १७६९ साली इंग्रज कप्तान जेम्स कुक तिथे उतरला. १८४० साली माओरी सरदार आणि इंग्लंडची राणी यांच्यात वाइतांगीचा तह झाला. देशभरातल्या पाचशेहून अधिक सरदारांनी त्यावर खुणा केल्या. त्यांत किमान १३ स्त्रिया होत्या. म्हणजे ज्यांच्या शब्दाला वजन होतं, अशा बायका त्या समाजात होत्या.

तह झाला, पण जमिनीवरून भांडणं पेटली आणि लढाया झाल्या. त्यातली एक लढाई आपल्या गोष्टीशी जोडलेली आहे. गिलियनबाईंचं मूळ ज्या माओरी जमातीशी जोडलेलं आहे, ती जमात म्हणजे नाई ते रांगी. ही माणसं तौरांगा भागातली. २९ एप्रिल १८६४ रोजी तिथे मोठी लढाई झाली. इंग्रज सैनिक सतराशेच्या आसपास, माओरी लढवय्ये सव्वादोनशेच्या आसपास. तरीही माओरींनी खंदक खणून असा बंदोबस्त केला होता की इंग्रजांना मागे हटावं लागलं. त्या रात्री जखमी इंग्रज माओरींच्या तटाच्या आत तडफडत पडले होते. हेनी ते किरी कारामू नावाची एक बाई माओरींच्या बाजूने लढत होती. तिने त्या शत्रूच्या जखमींना पाणी पाजलं, असं सांगतात. लढाई माओरींनी जिंकली, पण पुढे तौरांगाची पुष्कळ जमीन सरकारने जप्त केली.

जमिनीपाठोपाठ भाषा गेली. १८६७ च्या कायद्याने माओरी गावांत सरकारी शाळा आल्या आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी ठरली. पुढे तर शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला. ती मुलं मोठी होऊन आईबाप झाली, तेव्हा आपल्या लेकरांवर ती वेळ येऊ नये म्हणून घरातही इंग्रजीच बोलायला लागली. यात आईचा दोष कसा काढायचा? मूल शिकावं, त्याला नोकरी लागावं, एवढंच तिला हवं होतं. गंमत बघा, याच देशाने १८९३ साली स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला. जगात असा पहिला देश तो. माओरी बायकांनाही मत मिळालं. मत मिळालं, पण त्यांची बोली घरातून उठत चालली होती.

भाषेसोबत वाद्यंही गेली. माओरी त्यांना 'ताओंगा पुओरो' म्हणतात. ताओंगा म्हणजे जिवापाड जपायची ठेव, पुओरो म्हणजे नाद, संगीत. त्यांची समजूत अशी की सूर हा आकाशबापाकडून आला आणि ठेका धरणीमायच्या काळजाच्या ठोक्यातून. वाद्यं कशाकशाची होती ऐका. लाकडाची, दगडाची, शंखाची, मोठ्या पक्ष्यांच्या हाडांची, भोपळ्याची. कोआउआउ नावाची वीतभर किंवा त्याहून लहान बासरी असायची. दोरीला बांधून गरगर फिरवायची लाकडी पट्टी असायची, तिचा घों घों आवाज होई. आणि पूमोतोमोतो नावाची एक लांब बासरी होती. ती बाळाच्या टाळूवर धरून तिच्यातून गाणं म्हणत. टाळू भरण्याआधी कुळाची कथा, ज्ञान त्या मऊ जागेतून बाळाच्या आत उतरावं, ही त्यामागची श्रद्धा. आपण टाळूवर तेल घालतो, ते तिथे गाणं घालत.

मिशनरी आले तेव्हा ही वाद्यं जुन्या देवांशी जोडलेली म्हणून त्यांना नकोशी झाली. चर्चमध्ये इंग्रजी चालीची भजनं आली, बाजारात नवी वाद्यं आली. जुनी वाद्यं हळूहळू वाजेनाशी झाली आणि बरीचशी संग्रहालयांच्या काचेच्या कपाटांत जाऊन पडली. खाली चिठ्ठी लागली, नाव लिहिलं गेलं, आवाज मात्र गेला. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत काही तुकडे तेवढे उरले.

एक आवाज मात्र टिकला, आणि तो बाईचा होता. माओरी गावात सभेचं एक पवित्र अंगण असतं, त्याला माराए म्हणतात. पाहुणे आले की पहिला आवाज तिथल्या बाईचा उठतो. ती उंच स्वरात साद घालते, आलेल्यांना बोलावते, दोन्हीकडच्या मेलेल्यांची आठवण काढते. पाहुण्यांतली बाई तिला उत्तर देते. त्यानंतरच पुढचं बोलणं सुरू होतं. ही प्रथा आजही आहे.

आता गिलियनबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म २३ एप्रिल १९४१ चा. लहानपण गेलं ते देशाच्या उत्तर टोकाकडच्या फांगारेई गावात. वडील संगीताचे शिक्षक, त्यामुळे घरात संगीत होतं. पण ते पियानोचं आणि गायकवृंदाचं, युरोपातून आलेलं संगीत. त्या काळात न्यूझीलंडमध्ये कुणी मुलगी संगीतकार व्हायचं म्हणाली, तर तिला दाखवायला उदाहरणंच फारशी नव्हती. मोठे संगीतकार म्हणजे पुरुष, तेही युरोपातले, आणि बहुतेक मेलेले.

इथे एक गोष्ट समजावून सांगतो. आपल्याकडे गायक बैठकीत बसला की राग तिथल्या तिथे फुलवतो. युरोपच्या शास्त्रीय संगीतात संगीतकार आधी सगळं कागदावर लिहितो. कुठला स्वर, किती वेळ, किती मोठ्याने, कोणत्या वाद्याने, सगळं ठरलेलं. वादक तो कागद समोर ठेवून वाजवतात. साठ-सत्तर वादक असले तरी प्रत्येकाच्या वाट्याचं लिहिलेलं असतं. म्हणजे संगीतकाराचा अधिकार मोठा. त्याने लिहिलं तेच वाजायचं.

गिलियनबाई हे शास्त्र ऑकलंड आणि वेलिंग्टनच्या विद्यापीठांत शिकल्या. १९६३ मध्ये त्यांनी गायकवृंदासाठी एक लहान प्रार्थना-रचना लिहिली, ती आजही गायली जाते. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियात सिडनीला जाऊन पीटर स्कल्थॉर्प यांच्याकडे शिकून पदव्युत्तर पदवी घेतली. मग इंग्रज संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांच्याकडे शिकायला १९६७ साली इंग्लंड गाठलं. तिथे आणि युरोपात त्या बरीच वर्षं राहिल्या.

त्यांच्या रचनेची एक रीत सांगतो, म्हणजे अभ्यास किती कसून केलेला होता ते कळेल. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात जादूचा चौकोन असतो ना? नऊ घरं, त्यात १ ते ९ आकडे. आडवी बेरीज करा, उभी करा, तिरपी करा, १५ च येते. गिलियनबाई असे चौकोन घेऊन त्यांतल्या आकड्यांवरून स्वरांचा क्रम आणि लांबी ठरवायच्या. ऐकणाऱ्याला गणित दिसत नाही. विणकामात टाके मोजलेले असतात पण अंगावर घालताना नक्षीच दिसते, तसं.

या परदेशातल्या वर्षांतही त्यांच्या वह्यांत माओरी शब्द डोकावत होते. १९६७ च्या एका रचनेचं नाव 'पाकुरु'. पाकुरु म्हणजे दातांत काठी धरून दुसऱ्या काठीने तिच्यावर ठेका धरायचं माओरी वाद्य. १९८० च्या दशकातल्या एका रचनेचं नाव 'मानुताकी', म्हणजे थव्याच्या पुढे उडणारा, वाट दाखवणारा पक्षी. पण वाद्यं अजून युरोपचीच होती. नाव घरचं, आवाज परका.

इकडे त्यांच्या देशात मात्र मोठी उलथापालथ चालली होती. १४ सप्टेंबर १९७२ रोजी माओरी भाषा शाळांत शिकवा, असा अर्ज संसदेला दिला गेला. त्यावर तीस हजारांहून अधिक सह्या होत्या. त्या कामात हाना ते हेमारा ही तरुण बाई पुढे होती. बरोबर तीन वर्षांनी, १९७५ च्या त्याच तारखेला, उत्तर टोकावरून जमिनीसाठी मोर्चा निघाला. सगळ्यांच्या पुढे होत्या फीना कूपर, वय ७९. सुमारे हजार किलोमीटर वाट तुडवून मोर्चा महिन्याभराने राजधानी वेलिंग्टनला पोचला. १९८२ साली पहिली माओरी बालवाडी सुरू झाली, तिचं नाव 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं. तिथे आज्या नातवंडांशी माओरीतच बोलायच्या. मधली पिढी जी भाषा विसरली, ती आजीने थेट नातवाला दिली. १९८७ साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली.

वाद्यांचंही असंच झालं. हिरिनी मेलबर्न हे माओरी गायक आणि अभ्यासक, रिचर्ड नन्स हे युरोपीय वंशाचे वादक आणि ब्रायन फ्लिंटॉफ हे कोरीवकाम करणारे कारागीर. हे लोक संग्रहालयांत जाऊन कपाटातली वाद्यं बघायचे, मापं घ्यायचे, तशी नवी घडवायचे. मग ती घेऊन माओरी गावांत जायचे, माराएवर बसून वाजवायचे. एखाद्या म्हातारीला काही आठवायचं, एखादा म्हातारा एक ओळ सांगायचा. एकाकडे शब्द, दुसऱ्याकडे फुंकायची रीत, तिसऱ्याकडे देवीची कथा. वाकळेचे तुकडे जोडावेत तसं हे ज्ञान जोडलं गेलं. १९९४ मध्ये मेलबर्न आणि नन्स यांची ध्वनिफीत आली आणि कितीतरी माओरींनी आपल्या पूर्वजांच्या वाद्यांचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला.

गिलियनबाई १९८१ मध्ये सिडनीच्या संगीत महाविद्यालयात शिकवायला लागल्या आणि पुढे तिथे रचना-विभागाच्या प्रमुखही झाल्या. १९९६ साली त्यांनी ती नोकरी सोडली. पन्नाशी उलटल्यावर बांधलेला पगार सोडून फक्त संगीत लिहायचं, असं ठरवणं सोपं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या न्यूझीलंडला परतल्या आणि दक्षिणेकडच्या ड्युनेडिन शहराजवळ, समुद्राकाठी राहू लागल्या. याच सुमारास रिचर्ड नन्स यांच्यासोबत त्यांचं काम सुरू झालं.

आता प्रश्न असा होता की या वाद्यांसाठी लिहायचं कसं? प्रत्येक पूतोरिनो हाताने घडवलेलं, एकासारखं दुसरं नसतं. त्याचे स्वर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत. आणि दुसरी गोष्ट अधिक नाजूक. ही वाद्यं माओरींच्या दृष्टीने नुसती लाकडं नाहीत, त्यांना वंशावळ आहे, त्यांच्यात देवी आहेत. त्यांना 'इथे हा स्वर, तिथे तो स्वर' असा हुकूम कुणी सोडायचा?

यापूर्वीही युरोपच्या पद्धतीत माओरी रंग आणणारे संगीतकार झाले होते. आल्फ्रेड हिल यांनी १८९६ मध्ये माओरी कथेवर 'हिनेमोआ' ही मोठी गायनरचना केली. १९०४ चं त्यांचं 'वाइआता पोइ' गाणं तर खूप गाजलं. हिल यांना माओरी संगीताचं मनापासून प्रेम होतं. पण त्या काळाची रीत अशी की सूर माओरींचा घ्यायचा आणि त्याला युरोपचा अंगरखा घालून मंचावर उभं करायचं. माओरी वाद्यं आणि ती वाजवणारी माणसं त्या मंचावर नसायची.

गिलियनबाईंनी दुसरी वाट धरली. 'हिनेराउकाताउरी' या रचनेत दोन वादक असतात. एकीकडे युरोपच्या लहानमोठ्या बासऱ्या, दुसरीकडे ताओंगा पुओरो. युरोपच्या बासरीचा भाग बाईंनी कागदावर लिहिला. माओरी वाद्यांच्या वादकाचे स्वर मात्र त्यांनी लिहिले नाहीत. त्याने ऐकायचं आणि त्या क्षणी त्या वाद्याला जे सांगायचं आहे ते वाजवायचं. मैत्रिणींनो, ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं एकेक स्वर मोजून लिहिला, तिने इथे पेन खाली ठेवलं. ज्याची ठेव आहे त्याच्यासाठी जागा मोकळी सोडली. लिहिता येत होतं, तरी लिहिलं नाही.

आणि असं सोडल्याने बिघडलं काहीच नाही. युरोपची बासरी त्या जुन्या वाद्यांचा श्वास, त्यांचं थरथरणं ऐकत जाते. दोन देशांतल्या दोन बायका विहिरीवर भेटाव्यात, एकीची बोली दुसरीला नीट येऊ नये, तरी बोलणं रंगावं, असं काहीसं होतं. दर वेळी रचना थोडी वेगळी वाजते, कारण दर वेळी वादक वेगळं ऐकतो.

पुढे त्यांनी आणखी एक रचना केली, 'हिने-पू-ते-हुए'. ही भोपळ्याची देवी. तिची कथा अशी. आकाशबाप आणि धरणीमाय एकमेकांना घट्ट मिठी मारून होते, त्यांच्या मुलांनी त्यांना वेगळं केलं. मग त्या मुलांतच जुंपली. वाऱ्यावादळाचा देव तर इतका चिडला की त्याने सगळ्यांवर वादळं सोडली. मोठे मोठे देव भांडत राहिले. शेवटी हिने-पू-ते-हुएने ते वादळ, तो राग आपल्या भोपळ्यात सामावून घेतला आणि जगात शांतता आली. म्हणून भोपळा हे शांततेचं प्रतीक. मोठ्या वाळक्या भोपळ्याच्या तोंडावरून फुंकर घातली की खोल, घुमणारा आवाज येतो. लहान भोपळ्याला भोकं पाडून दोरीने फिरवलं की पक्ष्यासारखा आवाज निघतो. बाईंनी या वाद्यांच्या सोबतीला दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चार तंतुवाद्यं दिली. न्यूझीलंडमधल्या एका नामवंत चौकडीने आणि रिचर्ड नन्स यांनी ती रचना वाजवली.

भोपळ्यातून सूर निघतो हे आपल्याला नवं नाही. वारकऱ्याच्या वीणेला भोपळा असतो, मिरजेच्या तंबोऱ्यालाही भोपळाच असतो. पण घरातलं भांडण आपल्या पोटात घेऊन घर शांत ठेवणारी बाई देवी झाली, हे ऐकताना आम्ही जरा थांबलो. आमच्यातली एक म्हणाली, वादळ पोटात घेणाऱ्या बायका इथे घरोघरी आहेत, त्यांना देवी कोण म्हणतं? दुसरी म्हणाली, आणि रोज वादळ पोटात घ्यावं तरी का? आमच्यात यावर बराच वेळ बोलणं झालं. एक गोष्ट मात्र सगळ्यांना पटली. त्या भोपळ्यातलं वादळ तिथेच कुजून गेलं नाही. त्याचा आवाज झाला, आणि तो लोकांनी ऐकला.

बायकांचा आवाज लोकांनी ऐकावा, हे काम गिलियनबाईंनी दुसऱ्या अंगानेही केलं. ऑपेरा म्हणजे गाऊन सादर करायचं नाटक. आपल्या संगीत नाटकाशी थोडं जवळचं, पण त्यात सगळंच गायलं जातं. बाईंच्या अशा नाटकांत आणि गायनरचनांत पुन्हा पुन्हा बायकाच येतात. एकीत इटलीहून ऑस्ट्रेलियात आलेली नवरी आहे. 'अ‍ॅलिस' मध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड सोडून न्यूझीलंडला आलेली साधी बाई आहे. तिचे शब्द कवयित्री फ्लर अ‍ॅडकॉक यांनी लिहिले. अ‍ॅलिस ही त्यांच्याच नात्यातली. २००३ साली हेलन मेडलिन यांनी ऑकलंडच्या वाद्यवृंदासोबत ती गायली. एकटी बाई आणि मागे अख्खा वाद्यवृंद. राजाराण्यांसाठी असतो तेवढा थाट एका सामान्य स्थलांतरित बाईच्या आयुष्यासाठी. 'आयरिस ड्रीमिंग' नावाच्या नाटकात न्यूझीलंडची लेखिका रॉबिन हाइड आहे. तिचं खरं नाव आयरिस विल्किन्सन.

२०१८ साली त्यांनी देशाच्या राष्ट्रीय वाद्यवृंदासाठी 'तुरांगा-नुई' ही रचना लिहिली. तुरांगा-नुई हे त्या किनाऱ्याचं नाव, जिथे १७६९ मध्ये कप्तान कुक उतरला आणि पहिल्याच भेटीत गोळ्या झाडल्या जाऊन माओरी माणसं मेली. अडीचशे वर्षांपूर्वीची ती जखम. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी तिच्याकडे पाठ न फिरवता तिचं नाव रचनेला दिलं.

मान-सन्मान मिळाले. २००० साली तिथल्या कला प्रतिष्ठानाने गौरवलं, विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २००८ मध्ये सरकारने मोठा सन्मान दिला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावामागे 'डेम' हा किताब लागला. संगीतकारांच्या संघटनेच्या त्या अध्यक्षही होत्या. ज्या देशात मुलीला दाखवायला उदाहरण नव्हतं, तिथे आता उदाहरण आहे.

आम्हाला मात्र किताबापेक्षा ती मोकळी सोडलेली जागा जास्त लक्षात राहिली. वारसा जपायचा म्हणजे काय, यावर आपल्याकडेही पुष्कळ भाषणं होतात. कुणी वारसा काचेत ठेवतं. कुणी त्याला रंगरंगोटी करून मंचावर नेतं आणि तो सांभाळणाऱ्या बाईला प्रेक्षकांत मागे बसवतं. गिलियनबाईंनी आधी स्वतःचं शास्त्र पक्कं केलं, मग वारशाजवळ गेल्या. ज्यांना तो ठाऊक होता त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांना बोलू दिलं. आपल्याला यातून घेण्यासारखं असेल तर हेच.

आपल्या गावातही जातं बंद पडलं आणि ओव्या थांबल्या. पण थांबल्या म्हणजे मेल्या नाहीत. कुणाच्या तरी सासूच्या, चुलतसासूच्या आठवणीत त्या बसून आहेत, त्या कोशातल्या देवीसारख्या. या आठवड्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की थोडा वेळ काढा. गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला विचारा, तुमच्या आईचं कोणतं गाणं तुम्हाला आठवतं? ती अडखळेल. मधेच शब्द विसरेल. तिला घाई करू नका, मधले शब्द आपल्या पदरचे भरू नका. जागा मोकळी सोडा. दुसरीला पुढची ओळ आठवेल, तिसरीला चाल आठवेल. तुकडे असेच जुळतात. मिळालेलं लिहून ठेवा, मोबाइलवर आवाज भरून ठेवा, आणि ती बाई हो म्हणाली तर आमच्याकडे घेऊन या. माईकसमोर तीच बसेल. आम्ही बाजूला बसू.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर बाभळीवर ती काटक्यांची मोळी दिसली, तर पोरांना सांगा, फोडू नका रे, आत कुणीतरी राहतंय. नमस्कार.